सात खाड्यांचा प्रधान

पाली,
२ जुलै १९६१

तीर्थरूप धर्मामामा यांच्या पायांवर कोकिळेचं डोकं.

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले. तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. पोरं गुणी आहेत, फक्त समुद्र म्हणजे काय ते त्यांना चित्र काढून सांगावं लागतं. देवळामागच्या आळीत नीराबाईंच्या घरी खोली मिळाली. बाई प्रेमळ आहेत, पण माझं प्रत्येक पाकीट आधी उजेडाला धरून बघतात आणि मगच हातात देतात. तेव्हा उत्तर जाड कागदावर लिहा.

आता खरी बातमी. मी कादंबरी लिहिते आहे. मुंबईच्या एका प्रकाशकाने पहिली दोन प्रकरणं वाचून बाकीची दिवाळीपर्यंत मागितली आहेत. विषय तुमच्या ओळखीचा आहे. लहानपणी रेवदंड्याला तुम्ही शिडं शिवायचात आणि मी त्या शिडाखाली तंबू करून बसायचे, तेव्हा तुम्ही सांगितलेलं सात खाड्यांचं राज्य. तिथे सिंहासन म्हणजे एक होडी, दर भरतीला नव्या खाडीत जाणारी, म्हणजे कुठल्याच खाडीच्या नाईकाला राजा आपला म्हणता येऊ नये. बावटा नसलेली होडी कुणाचीच नाही, हा तिथला कायदा. पुढचं मी रचलं. राजा दर्यासेन, त्याची मुलगी वेलांगी, एकमेकांच्या पाण्यावर टपलेले सात नाईक आणि बाहेर धुक्याच्या भिंतीपलीकडे बसलेला धुकेश्वर. राजा लव्हाळ्याच्या रानात लपलेला असतो आणि कुणीतरी घरचाच माणूस त्याला धरून देतो.

मे महिन्यात दिघीला आईकडे गेले होते, तिथे बायजाआत्याने जुन्या काही गोष्टी सांगितल्या. लिहायचं सुचलं ते त्यातून. पहिली तीन प्रकरणं सोबत आहेत. फितूर कोण, ते ओळखा आणि कळवा.

तुमची,
कोकिळा

•

रेवदंडा,
१२ जुलै १९६१

चिरंजीव कोकिळेस धर्मामामाचा भरभरून आशीर्वाद.

काय गं, घरात 'मामा, तुझा सदरा फाटलाय' म्हणणारी पोर पत्रात एकदम 'तुम्ही' झाली? मास्तरीण झालीस म्हणून, की पालीच्या गणपतीने सांगितलं? मला अवघडल्यासारखं झालं. आधी वाटलं, पाकीट दुसऱ्याच कुणाचं आलं.

प्रकरणं तीनदा वाचली. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवलेल्या, फाटकी शिडं पुढ्यात, त्यामुळे वेळ आहे. राज्य छान उभं केलंस. तो खोटं ऐकलं की मुका राहणारा आणि खरं ऐकलं की तेच परत बोलणारा शंख मी सांगितला नव्हता, तो तुझ्या डोक्यातला. असा शंख आमच्या मच्छीमार सोसायटीच्या सभेत ठेवला, तर वर्षभर मुका राहील.

चूक एकच काढतो. वारा मागून असताना तुझे खलाशी शीड आवळतात. असं केलं तर राजा दर्यासेन दुसऱ्या प्रकरणातच बुडेल आणि पुढचं लिहायचा त्रास वाचेल.

आणि हा तुझा प्रधान शीडपाल. डाव्या हाताचं एक बोट अर्धं, तपकीर ओढतो, राजाच्या बायकोचा भाऊ. एवढी खूण पटवलीस, आता पोस्टाचा पत्ताही घाल म्हणजे झालं. फितूर तोच ना? ओळखला. पण मला विचारशील तर हा माणूस फितूर वाटत नाही. काहीतरी झाकणारा वाटतो. झाकणारा निराळा आणि फितूर निराळा.

जेवणाची आबाळ करू नको. सुकट पाठवतो. नीराबाईंना वासानेच कळेल आत काय आहे, उजेडाला धरायला नको.

तुझा,
धर्मामामा

•

पाली,
२८ जुलै १९६१

तीर्थरूप मामा यांस नमस्कार.

सुकट पोचली. नीराबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

झाकणाऱ्यात आणि फितुरात फरक काय, ते मला कळलं नाही. राजा तर दोन्हीकडून मेलाच.

चौथ्यापासून सातव्यापर्यंतची प्रकरणं पाठवते आहे. नाईकांची सभा, विषाचा तह, तरुण नाईक वेलांगीला फोडू पाहतो तो प्रसंग, सगळं आलं आहे. सातवं प्रकरण माझं सगळ्यात लाडकं. राज्यात बावट्यांचा सण असतो. प्रत्येक होडीवर बावटा चढतो, एकट्या राजाची होडी उघडी. वेलांगी लव्हाळ्यात जाते, बाप झोपलेला असतो. ती त्याला न उठवता उंच वेळूवर बावटा बांधते आणि हसत परत येते. हे मी रचलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सात वर्षांची होते. बाबा संस्थानाविरुद्धची पत्रकं रेवदंड्याहून होडीने आणायचे, त्या पायी वॉरंट निघालं होतं. दिघीच्या खाडीत, तिवरांच्या दाट झाडीत, डोलकाठी उतरवून अकरा दिवस लपले होते. टोपलीत वर कालवं आणि खाली भाकरी घेऊन मीच जायचे, पोरीचा संशय कोण घेणार? शिमग्याच्या दिवशी टोपलीत तुम्ही शिवलेला लाल बावटाही होता. बाबांची मला शेवटची आठवण तीच, तोंडावर हात घेऊन झोपलेले बाबा आणि वर फडफडणारा बावटा. त्याच दुपारी शिपाई आले. पावसाळ्यात बाबा तुरुंगात तापाने गेले.

कुणीतरी खबर दिली, एवढं सगळे सांगतात. कुणी, ते कुणी सांगत नाही. कादंबरीसाठी बारीकसारीक हवं आहे म्हणून विचारते. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?

तुमची,
कोकिळा

•

रेवदंडा,
९ ऑगस्ट १९६१

चि. कोकिळेस आशीर्वाद.

नाईकांची सभा वाचताना पोट धरून हसलो. तो बहिरा नाईक ऐकू येत नसतानाही हात वर करतो, त्याला मी ओळखतो, पण नाव लिहीत नाही. विषाचा तह मात्र खरा वाटत नाही. इतक्या वेगवेगळ्या लोकांनी एका ताटात जेवायचं ठरवलं, तर तू म्हणतेस त्याच्या आधीच भांडण व्हायला हवं.

सातवं प्रकरण काढून टाक. कथा तिथे अडते. राजाला पकडायची वेळ आली असताना पोरगी बावटे काय बांधत बसते? मुंबईच्या वाचकाला आपला शिमगाही कळायचा नाही, होड्यांचे बावटेही कळायचे नाहीत. सहाव्यातून सरळ आठव्यात जा. माझं एवढं ऐक.

त्या दिवशी मी इथे रेवदंड्यालाच होतो. शीड शिवत होतो. संध्याकाळी कळलं तेव्हा आलो.

पावसात भिजू नको.

धर्मामामा

•

पाली,
२४ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप मामा यांस नमस्कार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. बाकीची प्रकरणं तुम्ही अशी बघता जसं शीड हातात घेऊन टाका तपासावा. सातव्याला मात्र हातही न लावता काढ म्हणता. तुमच्याकडूनच शिकले आहे मी, गोष्ट कुठे अडते आणि कुठे धावते. सातवं अडत नाही. तुम्ही अडता.

मामा, मी सातवं काढणार नाही. का काढायचं, ते खरं कारण कळवा.

आणि शिमग्याच्या दिवशी तुम्ही रेवदंड्याला होतात, हे पुन्हा एकदा आठवून बघा. चौदा वर्षं झाली, माणूस विसरतो. मी उत्तराची वाट बघते आहे.

कोकिळा

•

रेवदंडा,
५ सप्टेंबर १९६१

चि. कोकिळेस,

कार्डावर लिहितो आहे म्हणून थोडक्यात. सातवं काढ म्हटलं तर काढ. रागाने सांगत नाही. गणपतीला ये, समोर बसून बोलू. मोदक करायला शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं आहे.

धर्मामामा

•

पाली,
२१ सप्टेंबर १९६१

धर्मामामा यांस,

गणपतीला मी आले नाही, कारण समोर बसले असते तर हे बोलू शकले नसते. मोदक वाढलेत की मी लगेच पाघळते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

मे महिन्यात आत्याने मला काय सांगितलं ते आता लिहिते. ज्या दुपारी बाबांना नेलं, त्याच दुपारी तिने तुम्हाला तिवरांतून बाहेर येताना पाहिलं. कमरेपर्यंत चिखल होता आणि सदऱ्याखाली तुम्ही काहीतरी लपवलं होतं. तिने हाक मारली तर तोंड फिरवून चालते झालात. मग रेवदंड्याला शीड शिवत कोण बसलं होतं?

लपायची जागा चौघांना ठाऊक होती. आई, आत्या, तुम्ही आणि मी. आई तुमच्या उंबऱ्याला पाय का लावत नाही, हे मी आजवर कधी विचारलं नव्हतं. दिघीला चौथीपुढे शाळा नव्हती म्हणून तिने मला तुमच्याकडे ठेवलं, आणि ठेवताना ती रडली का, हेही नाही. दर भाऊबीजेला तुम्ही तरीच्या होडीने खाडी ओलांडून दिघीच्या धक्क्यावर येऊन बसायचात. मी तुमच्या हातातलं लुगडं घेऊन घरी पळायचे. आई ते न उघडता पेटीत टाकायची. पाट मांडायची नाही. संध्याकाळी तुम्ही तसेच परत जायचात. मला वाटायचं, बहीणभावाचं काही भांडण असेल.

आता सातव्या प्रकरणाचं. रात्र रात्र जागून विचार केला आणि मला दिसलं. शिमग्याच्या आदल्या दिवशी तो नवाकोरा लालभडक बावटा तुम्ही माझ्या हातात दिलात. दुसऱ्या दिवशी शिपाई थेट होडीवर आले. तुम्ही मुद्दाम दिलात. शिपायांना खूण पटावी म्हणून सात वर्षांच्या पोरीच्या हातून तिच्याच बापावर निशाण लावून घेतलंत. आणि पकडल्यावर ती खूण सदऱ्यात घालून निघून गेलात. म्हणून तुम्हाला सातवं प्रकरण नको.

मी चुकत असेन तर तसं लिहा. मला चुकायचंच आहे, मामा. तुमच्या शिडाखाली मी लहानाची मोठी झाले. पण कादंबरी मी दिवाळीआधी पाठवणार, आणि त्यात प्रधानाचं बोट अर्धंच राहील. रेवदंड्याच्या वाचनालयात ती सगळे वाचतील.

कोकिळा

•

रेवदंडा,
४ ऑक्टोबर १९६१

चि. कोकिळेस,

तुझं पत्र पोचलं.

तू चुकली नाहीस. खबर मीच दिली. बावटा मीच शिवला, मीच दिला. का दिली ते विचारू नको. माणसाला भीती वाटते, मलाही वाटली, असं समज. रेवदंड्याला होतो हे खोटं लिहिलं, कारण आत्याने तुला ते सांगितल्याचं मला माहीत नव्हतं.

कादंबरी छाप. प्रधानाचं बोट अर्धं ठेव, तपकीरही ठेव. वाचनालयात पहिली प्रत मी स्वतः नेऊन देईन.

एकच मागणं आहे. मागायचा हक्क उरला नाही, तरी मागतो. सातव्या प्रकरणात बावटा राजकन्येच्या हातात देऊ नको. प्रधान स्वतः लव्हाळ्यात जातो आणि स्वतःच्या हाताने बांधतो, असं कर. पोरीला त्या रानात आणूच नको. ती त्या दिवशी घरी होती, खेळत होती. एवढं बदललंस की बाकी माझ्याबद्दल काहीही लिही.

प्रकृतीला जप.

धर्माजी

•

दिघी,
२३ ऑक्टोबर १९६१

मामा,

शाळेला सुट्टी लागली तशी इथे आले. हे पत्र आईच्या ओटीवर बसून लिहिते आहे. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा आधी मी जिंकल्यासारखी उठून उभी राहिले. मग पुन्हा वाचलं आणि काहीतरी टोचायला लागलं. ज्याने स्वतःच्या मेव्हण्याला धरून दिलं, तो माणूस स्वतःचं नाव छाप म्हणतो, स्वतः प्रत नेऊन देईन म्हणतो, आणि अंगावर आणखी एक गुन्हा मागून घेतो? कुठल्या फितुराने असं केलं आहे? मी सात नाईक रचले, एकाहून एक कपटी. त्यातल्या एकाच्याही तोंडी हे वाक्य बसलं नसतं.

आगरदांड्याहून येताना तरीच्या होडीवर तिचे म्हातारे नावाडी अलीमियाँ होते. आता सुकाणू मुलाच्या हातात आहे, ते नुसते बसून असतात आणि वाऱ्याला शिव्या देतात. सत्तेचाळीसच्या शिमग्याला ती होडी तेच चालवत होते. मी विचारलं, "चाचा, शिपाई तिवरांत कसे पोचले?" ते खाडीकडे बघत राहिले. म्हणाले, "बेटी, मी कसम घेतलीय. ती गोष्ट इचारू नको."

मी तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. म्हातारा असा तडकला की तरीवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. "धरमाजी झूट लिवतो! चवदा साल गप ऱ्हायला ते कमी झालं काय, म्हनून आता कागदावर बी लिवून देतो? कसम गेली खड्ड्यात. अल्ला माफ करील."

मग त्यांनी सांगितलं, मामा. त्या दुपारी तरीवर दोन शिपाई होते, सुट्टीवर घरी निघालेले. बाबांना शोधायलाही आले नव्हते. होडी खाडीच्या मध्यावर आली आणि तिवरांच्या शेंड्यावर लाल काहीतरी हललं. एक शिपाई म्हणाला, तिथे कुणाची होडी नांगरत नाही, बावटा कुणाचा? बस्स. एवढंच झालं.

कुणी खबर दिली नाही. बावटा दिसला. आत उभं राहून वर बघितलं तर तिवरं आभाळाएवढी होती. बाहेरून बघितलं तर माझा वेळू त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता. मला तेव्हा बाहेरून बघायचं सुचलं नाही आणि नंतर चौदा वर्षं सुचलं नाही.

अलीमियाँनी तुम्हालाही पाहिलं होतं. बाबांना नेल्यावर तुम्ही धावत आलात, चिखलात उतरलात आणि बावटा सोडून सदऱ्यात घातलात. मग धक्क्यावर येऊन त्यांचा हात धरलात आणि त्यांना कसम घातलीत. "म्हनाला, लोक माज्यावर थुंकतील तर थुंकू दे, पोरीच्या नावाला बोट लागता कामा न्हाय."

आत्याने तुम्हाला पाहिलं ते तेव्हा. माझं पाप सदऱ्यात लपवून नेताना.

आज मी तिथे जाऊन आले. तिवरं तशीच आहेत. मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी बाबांना धरून दिलं, मामा, आणि वर त्याचं सगळ्यात लाडकं प्रकरण केलं, आणि ते तुला वाचायला पाठवलं. तू ते वाचलंस कसं?

कोकिळा

•

रेवदंडा,
२८ ऑक्टोबर १९६१

माझ्या कोकिळे,

अलीमियाँच्या पोटात चौदा वर्षं गोष्ट राहिली हेच नवल. भेटला की त्याला मी बघून घेईन. म्हातारा झाला म्हणून सोडणार नाही.

आता ऐक, आणि रडायचं थांबवून ऐक. बावटा मी शिवला होता तो अंगणातल्या होळीच्या बांबूला बांधायला. पोरीच्या हातात बावटा देताना तिच्या मनात काय चाललंय, ते मोठ्या माणसाने ओळखायला हवं होतं. सगळ्यांच्या होड्यांवर बावटे आणि आपल्या बापाच्या होडीवर नाही, हे कोळ्याच्या पोरीला कसं सहन होईल? तेव्हा माझी कबुली अगदीच खोटी नव्हती. झूट लिवतो म्हणायला त्या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं?

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. ज्येष्ठात एकदा तुझ्या बापाला तुरुंगात भेटलो. अंगात ताप होता, पण डोकं ठिकाणावर होतं. मला म्हणाला, "धर्मा, डोळं उघडलं तर वर बावटा. मला वाटलं सपान पडलंय. घाईनं सोडाया गेलो तर गाठ सुटंना. मीच शिकिवलेली गाठ. सात वरसाच्या पोरीनं अशी मारली व्हती, का मोठ्या खलाशालाबी जमायची न्हाय. सोडवीत बसलो, तवर ते आले." आणि हसला गं. खोकला येईपर्यंत हसला. ज्याला त्याला सांगावं असं त्याला वाटत होतं, आणि सांगता येत नव्हतं. मग माझा हात दाबून म्हणाला, "तिला कळाया नको. तिनं बावटाच बांधलाय, दुसरं काय केलं न्हाय."

शब्द मी त्याला दिला होता. म्हणून तुझ्या आईला, राहीलाही सांगितलं नाही. दुसरंही एक कारण होतं. आई झाली तरी नवरा गेलेली बाई. एक दिवस, एकच दिवस तिने तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघितलं असतं तर? मला त्या एका दिवसाची भीती वाटली. माझ्याकडे तिने चौदा वर्षं तसं बघितलं, ते मला झेपलं. मोठा माणूस आहे मी.

झेपलं असं लिहितो, पण भाऊबीजेला धक्क्यावरून उठताना दरवेळी वाटेकडे बघायचो, राही येते का. आता तुला कळलंच आहे तर तेही लिहून टाकतो.

तो बावटा माझ्याकडे आहे, शिडांच्या घडीत. गाठ मलाही सुटली नव्हती, दोरी कापून काढला. गाठ अजून तशीच आहे. जाळू की तुला पाठवू? राहीला सांगू नको, एवढं ऐक. इतकी वर्षं चाललं, पुढेही चालेल.

आणि पत्रात शेवटी 'तू' म्हणालीस. ते वाचून तपकीर ओढायची विसरलो.

तुझा मामा

•

दिघी,
६ नोव्हेंबर १९६१

मामा,

तुझं ऐकलं नाही. आईला सांगितलं.

माजघरात ती मासे साफ करत बसली होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, तिवरांपासून तुरुंगापर्यंत. तुझं पत्रही वाचून दाखवलं. त्या एका दिवसाची तुला भीती होती ना? तो दिवस मी समोर बसून पाहिला. आईने हात धुतले, पुसले आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. म्हणाली, "सात वरसाची व्हतीस गं." पुन्हा तेच म्हणाली. एवढाच तो दिवस.

मग तिने बाबांच्या हसण्याचं पुन्हा वाचायला लावलं. ते तिने तीनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा तीही हसली. मग उठून पेटी उघडली. लुगडी, मामा. चौदा. एकाचीही घडी मोडलेली नाही. एकेक काढून तिने चटईवर मांडलं, आत्याला हाक मारली आणि तिलाही सांगितलं. आत्या डोक्याला हात लावून बसली. तुझ्याबद्दल ती गावात काय काय बोलली आहे ते तिला एकेक आठवत होतं, आणि आई एकही विसरू देत नव्हती.

कादंबरी दिवाळीपर्यंत जात नाही. प्रकाशकाला तसं कळवलं आहे. सातवं प्रकरण आहे तसंच राहील. वेलांगीच बावटा बांधते. पुढे प्रधान तो उतरवतो आणि सगळं राज्य त्याला फितूर म्हणतं. शेवटी सात नाईक सिंहासनाच्या होडीवर तिला बसवायला येतात तेव्हा ती आधी शंख मागवते, तोंडाजवळ धरते आणि म्हणते, बावटा मी बांधला. सगळ्या खाड्यांवरून शंख तेच परत बोलतो. मगच ती होडीत पाऊल ठेवते. फितूर नसलेली कादंबरी प्रकाशकाला चालेल की नाही, बघू. प्रधानाला तपकीर तेवढी ठेवते.

बावटा जाळू नको, पाठवूही नको. येताना घेऊन ये. अलीमियाँ म्हणतात की भाऊबीजेला तो तरीच्या काठीवर चढवायचा, म्हणजे होडी आगरदांड्याहून निघाली की इथून दिसेल. गाठ सोडू नको. तिच्याखालून नवी दोरी घाल.

आईचा निरोप. ती बोलली तसाच उतरवते आहे, कारण मी बदलला तर ती ओळखते.

"त्याला लिव, पहिलं लुगडं नेसून बसनार हाय. पाट मांडलाय. धक्क्यावर बसाचं न्हाय, सरळ घरला याचं."

कोकिळा